मी बुजवलेला खड्डा

दादा, तू गेलास त्याला आज अठरा दिवस झाले. तेराव्याला आलेले पाहुणे परतले, तुझी भावजय शांताही काल सांगलीला गेली. मी मात्र शाळेला रजेचा आणखी एक अर्ज पाठवून वडूजलाच राहिलो आहे. सणगर गल्लीतल्या तुझ्या या दोन खोल्यांत आता मी आहे आणि तुझा चरखा आहे. चरख्यावर धूळ बसायला लागली आहे.

समाचाराला आलेला प्रत्येक जण एकच बोलत होता. "मास्तरांनी भावाचं लय केलं बगा. असा भाऊ मिळाया नशीब लागतं." मी मान खाली घालून ऐकायचो. लोकांना वाटायचं, दुःखानं खाली गेली आहे. ती लाजेनं गेली होती. अठ्ठावीस वर्षं मास्तरकी केली, चुकलं असेल तर उभं राहून सांगा असं पोरांना बजावत आलो, आणि स्वतःची पाळी आली तेव्हा तोंडाला कुलूप. म्हणून तुलाच सांगतो. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. तू ते ऐकलंस, हसलास आणि सोडून दिलंस. पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही, आणि तीच मला झोपू देत नाही.

मी बसलो आहे ती जागा तुझ्या मागाची. आबांच्याही आधीचा तो खड्डा, मांडीएवढा खोल. त्यात पाय सोडून काठावर बसायचं, खालच्या पावड्या पायांनी दाबायच्या आणि हातांनी घोंगडं विणायचं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि तू वीस. माझी पाटी तू मागाच्या खुंटीला अडकवून ठेवायचास. धोटा इकडून तिकडे पळायचा आणि त्या ठेक्यावर मी पाढे म्हणायचो. तुला अक्षर येत नव्हतं, पण माझं चुकलं की ठेका चुकायचा आणि तू म्हणायचास, "धाकल्या, दोरा तुटला. मागनं घे." एकोणतिसाचा पाढा मला अजूनही सरळ म्हणता येत नाही, पायानं ताल धरावा लागतो. वर्गातली पोरं हसतात. त्यांना काय माहीत, मास्तर कुठल्या शाळेत शिकले.

पुढं मी फायनल झालो, ट्रेनिंगला गेलो, सांगलीला लागलो, आणि तू मला धाकल्या म्हणायचं सोडून मास्तर म्हणायला लागलास. चारचौघांत अभिमानानं, आणि एकट्यात चिडवायला.

तुझे डोळे गेले हे मला कसं कळलं, आठवतं का? त्या दिवाळीत मी मिशी काढून आलो होतो. सांगलीत आमच्या शाळेतले दोन-तीन तरुण मास्तर गुळगुळीत चेहऱ्यानं हिंडायला लागले होते, आणि मलाही शेहेचाळिसाव्या वर्षी ती हौस सुचली. शांता आठवडाभर बोलली नव्हती. मोटारीतून उतरलो तर आपली गल्ली धावून आली. "मास्तर, कोन गेलं वो?" जो तो तेच विचारत होता. घरातलं वडील माणूस गेल्याशिवाय मिशी कोण काढतो? शेजारची हौसाआक्का तर धावत तुझ्या दारापर्यंत आली, तू जिवंत आहेस ना ते बघायला. आणि तू? तू ओसरीवर बसून माझ्या तोंडाकडे बघत होतास, म्हणजे मला वाटलं बघतोयस, आणि म्हणालास, "दमलास व्हय रं? पानी घे." मिशीचं अवाक्षर नाही. ज्याच्या जिवंतपणी मी हा अशुभ प्रकार केला तो माझा एकमेव वडीलधारा, आणि तो म्हणतो पाणी घे.

मी तुझ्या डोळ्यांसमोर हात हलवला. तू म्हणालास, "माशा हायत काय?"

आता तुझ्या दहाव्याला येरळेच्या काठी पुन्हा मिशी काढली. या वेळी कुणी काही विचारलं नाही.

तुला मी मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. वहिनी गेल्या त्याच्या आधीपासून तुला कडेकडेचं दिसेनासं झालं होतं, आणि तू ते कुणालाही सांगितलं नव्हतंस. विचारलं तर म्हणालास, "सांगून काय हुनार हुतं? तू रजा काडून येणार, आन् पोरांचं नुसकान." डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग तुला बाहेर बाकावर बसवून मला आत बोलावलं. काचबिंदू, म्हणाले. आतली शीर वाळली आहे, आता शस्त्रक्रियेचा उपयोग नाही.

दादा, तुला ठाऊक नसलेली गोष्ट ती इथली. डॉक्टर दोन वाक्यं बोलले. पहिलं असं की, यांना जपा, या वयात पडले तर जड जाईल. आणि दुसरं असं की, यांचं काम थांबवू नका, जे हातानं करतात ते करू द्या, बसवून ठेवलंत तर वर्षात खाटेला लागतील. दोन्ही मी नीट ऐकली. मान डोलावली. बाहेर आलो तर तू विचारलंस, "काय म्हनला डाक्टर?" मी म्हणालो, "जपायला सांगितलंय."

"येवडंच?"

"एवढंच."

मला जे सोयीचं होतं ते वाक्य मी तुला दिलं आणि दुसरं खिशात घातलं. का, ते आता सांगतो. तुला सांगलीला न्यायचं मी आधीच ठरवलं होतं. ज्यानं मला वाढवलं त्याला आंधळेपणी एकटं ठेवलं असं कुणी म्हणू नये, हे माझं पहिलं दुःख होतं. तुझे डोळे गेले हे दुसरं. क्रम असाच होता, दादा. आज खोटं बोलून काय करू?

विश्रामबागेतल्या भाड्याच्या घरात तू अडीच महिने काढलेस. व्हरांड्यात तुझ्यासाठी हातांची खुर्ची आणली. शांता तुला दुधात भाकरी कुस्करून द्यायची. न्हाणीपर्यंत मी हाताला धरून न्यायचो. तुझ्यासाठी नव्या वहाणा घेतल्या, आणि तू दोनदा उंबऱ्याला अडखळलास. मी म्हणालो, सवय होईल. तू म्हणालास, "आरं, पायाला डोळं हुतं माजं. त्येंच्यावर बी तू कातडं घातलंस." मी हसलो. मला तो विनोद वाटला.

एकदा शांतानं तुझ्यापुढं भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं. मी शाळेतून आलो तर तू शेंगा फोडतोयस, गाणं गुणगुणतोयस. मी शांतावर काय तोंड टाकलं! वडीलधाऱ्या माणसाला कामाला लावतेस, शेजारचे काय म्हणतील? तू मधे पडलास. "मीच मागितल्या तिच्याकडनं. हात वळवळत्यात रं माजं." सूप उचलून आत नेलं ते मी, या हातांनी.

त्या अडीच महिन्यांत तू एकच दिवस खुललास. तुला हळदीच्या पेठेत नेलं होतं. ओळखीच्या व्यापाऱ्यानं गंमत म्हणून दोन ढिगांतली हळकुंडं तुझ्या हातात दिली. तू ती एकमेकांवर आपटलीस, नाकाशी नेलीस, आणि एक ढीग नीट वाळलेला नाही म्हणून सांगितलंस. तो शेठ उठून उभा राहिला. "बाबा, माझ्याकडे बसायला येता का?" म्हणाला. घरी येईपर्यंत तू बोलत होतास. हळदीचा आवाज कसा असतो, लोकरीचा वास पावसाच्या आधी कसा बदलतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्ची. शेठजीचं बोलणं मी मनावर घेतलं नाही. मास्तरांचा भाऊ हळदीच्या वखारीत!

मग एका सकाळी तू अंथरुणाची वळकटी करून व्हरांड्यात उभा राहिलास. "मला मोटारीत बसवून दे." मी म्हणालो, तिथं तुला कोण बघणार? दिसत नाही, स्वयंपाक कसा करणार, आडावर कसा जाणार? तू शांतपणानं ऐकलंस आणि म्हणालास, "मास्तर, वडुजात मी आंधळा न्हवतो रं. हितं आल्यावर झालो."

उत्तर नसलं की मास्तर आवाज चढवतो. मी चढवला. तू वळकटी काखेतून खाली ठेवली नाहीस.

परत आलास ते अनवाणीच. नव्या वहाणा खुर्चीखाली सोडून.

आणि नंतर मी तुला एकदा न कळवता भेटायला आलो, चोरून तपासायला. इन्स्पेक्टर आमच्या शाळेत येतात ना, तसा. दारात श्वास रोखून उभा राहिलो. तू चुलीपुढं होतास. भाकरी थापलीस, तव्यावर टाकलीस, पाणी फिरवलंस. वासावरून कळलं की उलटलीस आणि निखाऱ्यावर उभी केलीस. माझ्या शाळेच्या डब्यात येते त्यापेक्षा चांगली फुगली. मग उठून कोनाड्यातले लोकरीचे दोन गुंडे घेतलेस आणि अंगणात उन्हात ठेवलेस. मला कळेना हे काय चाललंय. थोड्या वेळानं दोन्ही गुंडे गालाला लावलेस. जो जास्त तापला तो काळा. पांढऱ्याला खूण म्हणून एक गाठ मारलीस. मग मेढीच्या खांबाला उजवा हात लावून दोन पावलं पुढं आलास, मागाच्या आडव्या लाकडावर हात टाकलास, सगळा भार त्यावर दिलास आणि दोन्ही पाय एकदम खड्ड्यात सोडलेस. एखादं पोर ओढ्यात उडी टाकतं तसं. मी उंबऱ्याच्या आत पाय टाकला. तोवर धोटा सुरूही झाला होता.

"किती येळ हुबा ऱ्हानार?" तू मान न वळवता म्हणालास. "दारात मानूस असलं की वारं थांबतं."

आपण भाकरी खाल्ली. लढाईमुळं रॉकेल मिळेनासं झालं होतं, तेव्हा तू मला तुझ्या वाटचं डबडं दिलंस. "ने. मला काय कराचंय दिव्याचं? रातीला बी धा हात इणतो मी." सगळी गल्ली काळोखात बसायची आणि आंधळ्याचा माग चालू असायचा. हौसाआक्का म्हणायची, तुझ्या मागाचा आवाज असला की तिला शेजार असल्यासारखं वाटतं. आता ती रोज तिन्हीसांजेला माझ्याकडे येऊन बसते.

हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं. दोन धडधाकट डोळ्यांनी. आणि परत जाताना मोटारीत माझ्या मनात काय राहिलं? तुझी भाकरी नाही, तो गुंडा नाही. तुझे पाय खड्ड्यात सुटले तो एक क्षण राहिला. वर्गात फळ्यावर लिहिताना मला तो दिसायचा. जेवताना दिसायचा. एक दिवस लाकडावरचा हात निसटेल, डोकं काठावर आपटेल, आणि तार येईल. डॉक्टरांनी सांगितलंय, पडू देऊ नका. डॉक्टरांचं पहिलं वाक्य मला पाठ होतं.

माझ्या लेकीचं, कमलचं, लग्न ठरलं. तुला सांगलीला आणायला शांता आणि मी आलो. तू मागावर होतास. कमलच्या दिवाळसणासाठी घोंगडं लावलं होतंस, काळंभोर, कडेला पांढऱ्या तीन रेघा. निम्मं झालं होतं. "लगनातनं आलो की पुरं करतो. जावयाला सांग, थंडी वाजली तर चुलतसासऱ्याची आटवन काड." मी तुला शांताबरोबर आणि हौसाआक्काबरोबर पुढं पाठवलं. घर आवरून, कुलूप लावून एक दिवसानं येतो म्हणालो.

तुमची मोटार गेली आणि मी गवंड्याला बोलावलं.

मागावरचं घोंगडं निम्म्यात उतरवू नये, हे आपल्या घरात पोरालाही माहीत. आबा आजारी असतानाही तू त्यांचं लावलेलं घोंगडं आधी पुरं केलं होतंस. मी कात्री घेतली आणि कापलं. ताणा सुटला तेव्हा दोरे एकदम आखडले. गुंडाळी करून पेटीत ठेवली. मागाची लाकडं सोडवून मागच्या भिंतीला उभी केली. गवंड्यानं ओढ्याकाठची माती आणली, मुरूम टाकला, धुमसानं ठोकून बसवला, वरून सारवलं. दुपार कलायच्या आत जमीन सपाट. मी त्यावर उभा राहून दोनदा पाय आपटून बघितला. घट्ट होती. दादा, त्या वेळी मला इतकं हलकं वाटलं! तुझ्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी केलं असं वाटलं.

लग्नघरात शांताला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "दादांना विचारलंत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते."

"म्हणजे नाहीच म्हणाले की हो," ती म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली.

परतताना तुला सांगायचं असं ठरवलं होतं. मिरजेहून आगगाडी, रहिमतपूरला उतरून मोटार, अख्खा दिवस हाताशी होता. पण तू खुशीत होतास. पुलाच्या आवाजावरून "किस्नाबाई आली" म्हणून हात जोडलेस. हौसाआक्काला दिवाळसणाच्या घोंगड्याचं सांगत होतास, आणखी चार हात विणलं की झालं. मी म्हटलं, रहिमतपुरात सांगू. रहिमतपुरात तू चहा मागितलास आणि चहावाल्याशी मेंढरांच्या गोष्टी काढल्यास. मी म्हटलं, वडूज दिसायला लागलं की सांगू. मग म्हटलं, घरी बसवून, पाणी देऊन, नीट समजावून सांगू. पोरांना अवघड गणित असंच सांगतो मी, आधी बसवून.

मोटार थांबली. मी टपावरून पेटी उतरवून घेत होतो. तू थांबला नाहीस. थांबशील कशाला? आपल्या गल्लीत तू कधी कुणासाठी थांबत होतास? हौसाआक्का आपल्या घराकडे वळली आणि तू तरण्या माणसासारखा झपझप पुढं गेलास. कुलूप तूच काढलंस. मी पेटी खांद्यावर घेऊन अंगणात पोचलो तेव्हा तुझा हात मेढीवर होता. मी हाक मारली. "दादा" एवढंच म्हणालो. तू "आरं ये की" म्हणालास आणि मागाच्या लाकडावर हात टाकलास. लाकूड नव्हतं. खाली सोडलेल्या पायांना खोली नव्हती. सगळा भार तू आधीच देऊन बसला होतास.

त्या आवाजाचं मी काय सांगू?

हाडवैद्यानं फळ्या बांधल्या. खुब्याचं हाड, म्हणाला, वयाच्या मानानं जुळणं कठीण. मिरजेला जायला तू नकार दिलास. गल्ली गोळा झाली तेव्हा तू खाटेवरून काय म्हणालास? "बगा रं, चाळीस वरसं त्या खड्ड्यात उडी मारतूय, कवा पडलो न्हाई. खड्डा न्हवता तवा पडलो." आणि हसलास. सगळे हसले. मी बाहेर जाऊन अंगणातल्या बाभळीला डोकं टेकून उभा राहिलो.

मला तू एका शब्दानं टाकून बोलला नाहीस. एवढंच विचारलंस, "माती कुठनं आनलीस?" ओढ्याची, मी म्हणालो. "मंग बरी हाय," म्हणालास. माझ्या थोबाडीत मारली असतीस तर सोपं गेलं असतं रे.

घोंगडं मागितलंस. मी पेटीतून काढून दिलं. तुझी बोटं काठावर फिरली, कापलेल्या जागी आली आणि थांबली. मग म्हणालास, "कातरीनं कापलंस व्हय? गाटी तरी माराच्या हुत्यास. उसवंल की सगळं." आणि उताणा पडल्या पडल्या छातीवर घोंगडं घेऊन तू एकेक दोरा चाचपून गाठी मारायला लागलास. आठ दिवस ते काम पुरलं. त्या आठ दिवसांत तू जेवलास, हौसाआक्काची थट्टा केलीस, अंगात ताप नव्हता. नवव्या दिवशी शेवटची गाठ मारून झाली. तू रिकाम्या बोटांनी पुन्हा एकदा सगळा काठ चाचपलास, एखादा दोरा राहिलाय का बघायला. राहिला नव्हता. त्या संध्याकाळपासून तू खालावत गेलास.

डॉक्टरांचं दुसरं वाक्य तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं. तरी सांगितलं नाही. आता सांगून काय होणार, असं मनाला म्हणालो. तुझंच वाक्य. पण तू ते माझ्या पोरांचं नुकसान होऊ नये म्हणून वापरलं होतंस आणि मी माझी लाज झाकायला.

एका सकाळी तुला पुसत होतो तेव्हा पांघरुणाखाली काहीतरी हललं. पांघरूण वर केलं. मोडलेला पाय फळ्यांत होता. दुसरा हलत होता. टाच खाली, टाच वर, टाच खाली. पावडी दाबत होतास. झोपेत होतास की जागा, मला कळलं नाही. मी पांघरूण पुन्हा घातलं.

त्याच दिवशी तू म्हणालास, "मास्तर, खड्डा उकर."

मी म्हणालो, "बरा हो, मग उकरू."

"उकर. मंग बरा हुतो."

"आधी बरा हो, दादा. हट्ट करू नये."

"तू उकर तरी."

रोज हेच. तू रोज सांगायचास आणि मी रोज लहान पोराला समजवावं तसं समजवायचो. वैद्य म्हणाले होते, धूळ नको, आवाज नको, आराम हवा. एकदा तू रागावलास. आयुष्यात एकदाच माझ्यावर आवाज चढवलास. "आरं, मी बसीन न बसीन! मला निस्तं आईकू तरी दे उकरल्याला!" खोकला आला, आणि मी पाणी पाजून तुला गप्प केलं. खोकला छातीत गेला. पाचव्या दिवशी तू गेलास. भांडण तिथंच राहिलं.

काय गेलं असतं माझं? अर्ध्या दिवसाचं काम. तू खाटेवर पडून कुदळीचा आवाज ऐकला असतास. जमीन मोकळी होते आहे एवढं तुला कळलं असतं. आपलं घर आपल्या हाती परत आलं असं वाटून गेला असतास. ते मी दिलं नाही, कारण मला तुझी काळजी होती. काळजी हा शब्द आता मला तोंडात धरवत नाही.

पाहुणे होते तोवर खड्डा उकरायची लाज वाटली. आज सकाळी हौसाआक्काकडून कुदळ आणली.

सारवण लगेच फुटलं. खालचा मुरूम हट्टी होता. गवंड्यानं काम चोख केलं होतं, मीच उभा राहून करून घेतलं होतं. हातांना फोड आले. अठ्ठावीस वर्षं खडू धरलेले हात, त्यांना काय होणार? गुडघ्याएवढं खोल गेलो तेव्हा हौसाआक्का दारात आली. बराच वेळ बघत राहिली. "मास्तर, आता उकरून काय? आता कोन बसनार?" मी कुदळ मारत राहिलो. ती उंबऱ्यावर टेकली आणि पदर डोळ्यांना लावला. थोड्या वेळानं म्हणाली, "काटावर हुबं ऱ्हाऊ नका. जपून, पडशिला."

सवयीनंच बोलली ती. मी कुदळ टाकून खाली बसलो आणि तू गेल्यावर पहिल्यांदा मोठ्यानं रडलो.

दुपारी तळ लागला. ओढ्याची माती संपली आणि आपली जुनी, काळी, घट्ट जमीन आली. हातानं झाडून काढली. तळाशी शेजारी शेजारी दोन खळगे आहेत, दादा. गुळगुळीत. तुझ्या टाचांचे, त्याच्या आधी आबांच्या, त्याच्या आधी त्यांच्या बापाच्या. मी ते कधी बघितले नव्हते. खड्ड्यात तुझे पाय असायचे, आणि मी वर पाटीकडे बघत असायचो.

लाकडं आणून जागच्या जागी बसवली. नीट बसली नसतील. मग मेढीशी गेलो, डोळे मिटले, उजवा हात लावला. दोन पावलं टाकली. लाकडावर हात टाकला, आणि भार द्यायचं धाडस झालं नाही. तिथंच उभा राहिलो, डोळे मिटून, घाम फुटेपर्यंत. तू हे रोज करत होतास, हसत. शेवटी डोळे उघडले आणि काठाला धरून, भीत भीत, उतरलो. खळग्यांत टाचा ठेवल्या. खाली गार आहे. बाहेर हौसाआक्का शेळीला हाका मारते आहे. छातीवर घेऊन तू गाठी मारलेलं ते निम्मं घोंगडं माझ्या मांडीवर आहे. ते मला विणता येत नाही. कमलला तसंच द्यायचं, असं ठरवलंय.

दादा, डॉक्टर म्हणाले होते, यांचं काम थांबवू नका. हे त्यांचं दुसरं वाक्य. आज सांगितलं.

आणि खड्डा उकरला आहे. आता बरा हो.